टोगोवालीची भाषा

इथे आखातात, सखीरच्या विद्यापीठात सफाईचं कंत्राट आमच्या कंपनीकडे आहे आणि तिथल्या बायकांचा सुपरवायझर मी. आमच्यात माणसाला नावाने कोणी हाक मारत नाही, पासपोर्टवरून मारतात. नेपाळवाली, केनियावाली, तशी ही टोगोवाली. तिच्या देशाची ती एकटीच. खुणेने दाखवलेलं काम चोख आणि तोंड बंद. जेवताना बाकीच्या जणी कलकलाट करायच्या, ही भिंतीकडे तोंड करून भात खायची. मला वाटायचं, स्वभावानेच घुमी असेल.

एका सकाळी ती जिन्यात पोट धरून पडलेली सापडली. अंग तव्यासारखं तापलेलं. गाडीत घालून रिफाला दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलंय, लगेच ऑपरेशन करायला हवं. पण ती कोणाला हात लावू देईना. सलाईनची सुई उपटून टाकली आणि पलंगाचा कठडा धरून ओरडत राहिली. काय ओरडतेय, ते कोणालाच कळेना. "बाई शुद्धीवर आहे, नको म्हणतेय. समजवा तिला, वेळ नाही," डॉक्टर मला म्हणाले.

समजवा! कोणत्या भाषेत? इंग्रजी झालं, हिंदी झालं, माझं मोडकंतोडकं अरबी झालं. टोगोत फ्रेंच चालते असं कोणीतरी सांगितलं, म्हणून शाळेत फ्रेंच शिकणाऱ्या माझ्या मुलीला फोनवर घेतलं. ती पोर जुळवून जुळवून बोलली. टोगोवालीने फोनकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा ओरडायला लागली.

"बाबा, शी डझन्ट नो फ्रेंच," मुलगी रडवेली झाली. "मे बी शी नेव्हर वेंट टू स्कूल."

मला असा संताप आला की बस. ज्या फ्रेंचांनी हिचा मुलूख घेतला, त्यांची भाषासुद्धा हिच्या पदरात टाकली नाही. मग हिला दिलं काय, पासपोर्ट?

त्या संतापातच आमच्या हमद टाउनच्या बिल्डिंगचा वॉचमन आठवला. तो घानाचा. मागच्या महिन्यात मुलगी आफ्रिकेचा नकाशा रंगवत होती, तेव्हा त्याने घाना आणि टोगोमधल्या रेघेवर बोट ठेवलं होतं. "ही आमच्या अंगणातून जाते," म्हणाला. आधी जर्मनांनी आणि इंग्रजांनी मिळून ती मारली, मग जर्मन गेले, फ्रेंच आले, रेघ जरा सरकली पण पुसली नाही. त्याच्या आजीचं घर इकडे आणि शेत तिकडे. माणसं तीच, बोली तीच. "म्हणजे खेडच्या माणसाने चिपळूणला जायला व्हिसा काढायचा," मी थट्टा केली होती. तो हसला नव्हता.

त्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला. तो चार शब्द बोलला आणि ती गप्प झाली. कठडा सोडून तिने दोन्ही हातांनी फोन घेतला, कानाशी धरला आणि हुंदके देत बोलत सुटली. इतकं बोलणं तिच्यात होतं!

"काय म्हणते?" मी ओरडून विचारलं.

"ती म्हणते, मी आजारी नाही. मला परत पाठवू नका. मी काम करू शकते."

हे ती सकाळपासून सांगत होती. मेडिकल तपासणीत नापास झालं की मायदेशी पाठवतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. दवाखाना म्हणजे तिच्या लेखी तेच. तो तिला समजावत राहिला. मग तिने ऑपरेशनच्या कागदावर अंगठा दिला. तिला आत नेलं, तेव्हा इंशाल्ला म्हणत मी खुर्चीवर बसलो.

वॉचमन ड्यूटी टाकून आला, तोवर सगळं खलास झालं होतं. विष अंगभर पसरलं होतं, उशीर झाला, एवढंच डॉक्टर म्हणाले.

घरी कळवायला हवं होतं. तिच्या मोबाइलमध्ये आईचा नंबर होता. वॉचमनने त्यावरूनच लावला, नमस्कारासारखं काहीतरी म्हणाला, आणि पलीकडून एक म्हातारा आवाज मोठ्याने हसला. मग तो आवाज थांबेचना. वॉचमनने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"विचारते, तू कोणाचा मुलगा? तिकडे आपलं माणूस आहे, आता मला लेकीची काळजी नाही म्हणते." त्याने फोनवरचा हात आणखी घट्ट दाबला. "म्हणते, आता तिच्याकडे फोन दे."