चाळीस पानं राहिली

आपांइतकं पुस्तकाशी भांडणारं माणूस मी अख्ख्या देवपुरात दुसरं पाहिलं नाही. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आपा कादंबरी घेऊन बसल्या की हातात टोकदार पेन्सिल आणि कपाळाला आठी. "हा लेखक मला फसवतोय," म्हणायच्या, "पण कुठे, ते सापडत नाही."

बाहेरून एम.ए. करताना मी त्यांच्याकडे गेले ती खरं तर नोट्स मागायला. नेमलेली कादंबरी जुनी, सातशे पानांची. एकेक वाक्य संपता संपत नसे. माझं गाईड आपांनी चक्क रद्दीत टाकलं. "आवडली म्हणू नकोस, नाही आवडली म्हणू नकोस. कुठल्या वाक्यामुळे, ते बोट ठेवून दाखव."

दर रविवारी दुपारी आम्ही दोघी एकाच प्रतीवर वाकायचो. डावा समास त्यांचा, उजवा माझा. पानागणिक एक प्रश्न लिहायचाच. मी एकदा लिहिलं, 'नायिका गप्प का?' तर आपांनी मला पन्नास पानं मागे नेलं. "बघ, इथेही गप्पच होती. पण तेव्हा खिडकी उघडी होती." अगं बाई, मी ती खिडकी वाचलीच नव्हती! शेजारच्या अक्का विचारायच्या, "काय शे ओ आपा त्या पुस्तकमा?" आपा म्हणायच्या, "तेच तर शोधतोय."

नियम एकच, पण कडक: एकटीने पुढे वाचायचं नाही. परीक्षा झाली, मी पास झाले, तरी आमचं वाचन चालूच. नायिका नवऱ्याच्या दारात उभी. आत जाते की परत फिरते हे कळायला चाळीस पानं राहिली, आणि मला जळगावात ठिबक सिंचनाच्या कारखान्यात नोकरी लागली.

"पुढच्या रविवारी नक्की येते," हे मी दोन वर्षं म्हटलं. लाज वाटते आता. आपा फोनवर हसायच्या, "ये गं, ती बिचारी अजून दारातच उभी आहे." मला वाटायचं, गंमत करतात. त्या खरंच पुढे वाचत नव्हत्या.

काचबिंदूने त्यांची नजर गेल्याचं कळलं तशी धावत गेले. म्हटलं, मी मोठ्याने वाचते. चार पानं झाली. "थांब. मागे त्या दिव्याबद्दल काय होतं?" मी पानं उलटत बसले, सापडेना. पुन्हा वाचलं, पुन्हा त्यांनी थांबवलं. शेवटी चाचपडत पुस्तक मिटलं.

"राहू दे. नुसतं ऐकणं मला जमत नाही गं. मला ताडून बघावं लागतं."

"आपा, माझ्यामुळे..."

"रडू नकोस. घेऊन जा, संपव. शेवट मात्र मला सांगायचा नाही."

मी संपवली. शेवट मला मुळीच पटलेला नाही, आणि का नाही, तेही बोट ठेवून दाखवता येईल. रविवारी आपांचा फोन येतो. जेवलीस का, विचारतात. मी जेवले म्हणते. मग बोलायला काही उरत नाही, पण फोन दोघीही ठेवत नाही.