नूडल्स, मोठे

म्हैसुरातल्या आमच्या सरस्वतीपुरममधील त्या चायनीज हॉटेलाच्या मालकास मी दोन नोटिसा पाठविल्या. दोहोंचे उत्तर आलेले नाही. म्हणून घडले ते येथे लिहून ठेवतो.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, यजमान गेल्यावर माझ्याकडे राहावयास आली. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातल्यापासून अंड्याचा केकही तिने तोंडात घातला नव्हता. फिरायला जाताना त्या हॉटेलाच्या काचेआड तिला नूडल्स दिसत. एके संध्याकाळी ती म्हणाली, त्या लांब शेवया एकदा खाऊन बघायच्या आहेत.

गेलो. मी कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धूत असता तिथूनच तिला विचारले, काय मागवतेस? तिने घरच्यासारखे मराठीत उत्तर दिले, ‘व्हेज नूडल्स, मोठे.’ म्हणजे मोठी प्लेट. टेबलाशी उभ्या वेटरने त्यातला शेवटचा शब्द कन्नड समजून उचलला. कन्नडमध्ये मोट्टे म्हणजे अंडे. त्याने विचारले, ‘मोट्टेना, अम्मा?’

अंडे का, असे तो विचारत होता; नळाच्या आवाजात मला ते ऐकू आले नाही, मागाहून अक्काकडून कळले. अक्काला वाटले, पोरगा आपल्याशी मराठी बोलतोय, मोठे ना? जन्म म्हैसुरात काढलेल्या, कन्नड अस्खलित बोलणाऱ्या बाईने कौतुकाने मान डोलावली आणि म्हणाली, ‘हां, मोठे.’

मी सूप घेत होतो. अर्ध्याहून अधिक प्लेट संपल्यावर ती म्हणाली, पनीर फार मऊ आहे, चाखून बघ. मी चाखले.

मी काउंटरवर गेलो. करार कायद्यात संमती म्हणजे दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे, हे त्या मालकास समजावले. पदार्थाच्या नावातच व्हेज आहे, ग्राहकाच्या गळ्यात माळ आहे, अशा वेळी आणखी एकदा विचारणे हे तुमचे कर्तव्य होते, असेही सांगितले. तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला की व्हेजमध्ये मोट्टे घालून पुष्कळ लोक मागतात. मग हसला. ‘एनु सार, इतकी वर्षं मैसूरमध्ये राहून अम्मांना मोट्टे कळत नाही?’

आमचे पूर्वज या संस्थानच्या घोडदळात चाकरीस होते. या गावात राहावे कसे, हे त्या इसमाने आम्हांस शिकवावे!

घरी येऊन अक्काने आंघोळ केली, माळ काढली आणि देवघरात ठेवली. मी तिच्याशी वाद घातला. दोष कृतीत नसतो, हेतूत असतो. अजाणता घडलेल्या गोष्टीचे पाप धर्मशास्त्रातही हलके मानले आहे आणि दंडसंहितेतही. माळ परत घाल. पुढचे कित्येक दिवस मी हेच निरनिराळ्या मुद्द्यांनी मांडत राहिलो. अखेर ती कंटाळून म्हणाली,

‘अजाणता खाल्लं, खरं आहे रे. पण मला आवडलं होतं.’

माळ अद्याप देवघरातच आहे. दुसऱ्या नोटिशीत मी वेटरचा प्रश्न, मालकाचे हसणे, पदार्थाचे नाव, सारे क्रमवार नोंदवले. अक्काचे हे वाक्य मात्र घातले नाही. तो निर्लज्ज मनुष्य तेच स्वतःच्या बचावात पुढे करील.