लाल दोऱ्याची गोणी

धरणगावच्या आठवडे बाजारात रुक्माबाईची सुकट-बोंबलाची जागा सगळ्यात शेवटी, जनावरांच्या हौदापाशी होती. सकाळी नाकाला पदर लावून पुढे जाणारी माणसंच दिवस कलल्यावर गुपचूप परत येत, पण ती कुणाला टोमणा मारत नसे. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. तरी त्याची खबर गावात आधी तिलाच लागे. बोंबील ओलसर आले की तिकडे आभाळ आलंय, बारीक आले की होड्या लांब गेल्याच नाहीत.

ही विद्या नवऱ्याची, चिंधाची. गावात हाताला काम मिळेना, तेव्हा तो शेजारी राहणाऱ्या वना नावाच्या मित्राबरोबर डहाणूकडच्या किनाऱ्यावर जाऊ लागला. दिवाळीनंतर जायचं, बांबूच्या मांडवावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घालायचे, गोण्या भरून रेल्वेत चढवायच्या, आणि पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वाळूवर ओढल्या की घरी यायचं. "आपली तापी बी तिकडेच समुद्रले मिळस," तो म्हणे. ताडाची झाडं, मिठागरं, खारा वारा यांचं तो इतकं रसभरीत वर्णन करी, की रुक्माबाईला त्या समुद्राचा रागच येई. सात महिने नवरा त्याचा आणि पाच महिने हिचा!

दोघांनाही अक्षरओळख नव्हती. म्हणून चिंधानं युक्ती काढली. धरणगावात मोतीलालशेठच्या आडतीवर दर आठवड्याला येणाऱ्या गोण्यांपैकी एकीचं तोंड तो सुतळीबरोबर लाल दोरा घेऊन शिवी. लाल दोरा म्हणजे मी खुशाल आहे. रुक्माबाई नेमकी तीच गोणी मागून घेई आणि दोरा न तोडता उसवून डब्यात ठेवी.

"काय वं, पत्र ऊनं का?" शेजारची बेबाबाई चिडवी. रुक्माबाई लाजून हसे.

एकोणनव्वदच्या फाल्गुनात गोणी आली. लाल दोरा होता, पण टाके बघून रुक्माबाईचा हात थांबला. चिंधा डावखुरा. त्याचे टाके चारचौघांच्या उलट्या बाजूला कलत. हे सरळ होते. हाताला लागलं असेल, तिनं मनाला समजावलं. पुढच्या आठवड्यालाही टाके सरळच होते, आणि त्याच्या पुढच्यालाही. ती कुणाकडे बोलली नाही. म्हाताऱ्या सासूनं, द्रौपदाबाईनं विचारलं की डब्यातला दोरा तिच्या हातात देई. "खुशाल शे ना मन्हा पोऱ्या?" "शे," रुक्माबाई म्हणे. रोज संध्याकाळी बुद्धासमोर मेणबत्ती लावली की मात्र ती विझेपर्यंत रुक्माबाई तिथून उठत नसे.

ज्येष्ठात वना एकटाच आला. त्याच्या खांद्यावर चिंधाची पिशवी होती. तो ओट्यावर बसला आणि खाली मान घालून सांगू लागला. होळीच्या आधी एका होडीवर माणूस कमी पडला, म्हणून चिंधा चढला. ती होडी परत आलीच नाही.

"आज यी, सकाय यी, असं करत राह्यनू. सांगाले जीभ उचलनी नही, वहिनी," वना रडत म्हणाला. "म्हनीसन मीच दोरा घालत राह्यनू."

रुक्माबाई आत गेली आणि डबा घेऊन आली. डब्यात लाल दोऱ्याच्या दोन गुंड्या होत्या, एक मोठी आणि एक लहान. मोठी तिनं पदरात घेतली. लहान वनाच्या हातावर ठेवली.

"ह्या अकरा दोरा तुन्हा शेतस, भाऊ," ती म्हणाली. "मी पहिल्यापासूनच येगळा ठेयेल व्हतात."