नियम बाईंनीच केला होता

अजून खरं वाटत नाही. मुलींनी बाईंना कामावर घेतलं नाही.

बाई नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या. मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. वयातलं अंतर विसरून त्यांनी मला मित्र केलं. साहित्याची पदवी घेतलेला माणूस अर्जबिर्ज लिहायला बरा, असं त्यांचं मत.

शेवटच्या वर्षाच्या मुलींना त्या दरवर्षी विचारत, "नुसती नोकरीच शोधणार, की कुणाची नड ओळखून काही उभंही करणार?" मुली हसून विषय टाळत. तीन वर्षांपूर्वी पाच जणींनी टाळला नाही. घरी सोडलेल्या पेशंटांच्या जखमा पुन्हा चिघळतात, हे त्यांनी वॉर्डात पाहिलं होतं. बाईंनी त्यांना आधी घरोघरी फिरवलं. पास झाल्यावर त्यांनी घरी जाऊन ड्रेसिंग करणारं केंद्र काढलं. परवडेल त्यानं पैसे द्यायचे, त्यातून बाकीच्यांचं ड्रेसिंग फुकट. पहिली विनंतीपत्रं मी लिहिली. नियम बाईंनी घातला: कामाला कुणीही येवो, दोघींसमोर ड्रेसिंग करून दाखवायचं. ओळखपाळख बाहेर चपलांपाशी.

गेल्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. घरात दुसरं कुणी नाही. पुढचे दिवस केंद्रात काम करायचं, हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. सोमवारी इस्त्रीचा पांढरा कोट घालून निघाल्या. मलाही नेलं.

केंद्र सांभाळते ती त्या पाच जणींतली बुटकी. हे नाव बाईंनीच पाडलेलं.

"बाई, तुमची कसली चाचणी?" ती म्हणाली.

"का? मी काय आभाळातून पडले?"

टेबलावर रबरी पाय होता, त्यावर रंगवलेली जखम. नियमाप्रमाणे बुटकी आणि पाचांतली आणखी एक समोर उभ्या राहिल्या. बाईंनी हातमोजे चढवले. चिमट्यानं गॉज उचलला. चिमट्याचं टोक थरथरलं आणि ट्रेच्या कडेला लागलं. टक्. कडेला लागलं की ते निर्जंतुक राहत नाही. त्यांनी गॉज टाकून दिला, दुसरा चिमटा घेतला.

पुन्हा टक्.

मला वाटलं, बुटकी हसून सोडून देईल.

"जमणार नाही, बाई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"निदान शिकवायला तरी ठेवा," मी म्हणालो.

"तुला कुणी विचारलं?" बाई म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढले आणि खुर्चीत बसल्या. इतक्या लहान त्या मला कधीच दिसल्या नव्हत्या.

बुटकी नोंदवही घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"हात कधीपासून थरथरतोय?"

बाईंनी काढलेले हातमोजे एकात एक घातले.

"पेशंट लपवतो, आपण विचारत राहायचं. तुमचंच वाक्य आहे, बाई."

"सहा महिने."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

बाईंनी मान हलवली. नाही. सहा महिने मी त्यांच्या हातचा चहा पीत होतो. कप बशीवर वाजायचा, तो मी ऐकला होता.

बुटकीनं त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. मग वहीत लिहिलं. पेशंटांच्या यादीत बाईंचं नाव, पुढे 'उद्या सकाळी दहा, डॉक्टरांकडे, सोबत मी'.

आम्ही घरी परतलो. दारात किल्ली लावायला बाईंना वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला नाही.

"नाडी पूर्ण मिनिटभर मोजली तिनं," त्या म्हणाल्या. "बाकीच्या पंधरा सेकंद मोजून चारानं गुणतात."