मौनीच्या फुग्याची बॉर्डर

नरहर मामा घाबरले की उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबत बसतात. त्या रविवारी सदर बाजारात, चिराग भैयांच्या पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी ती इतक्यांदा दाबली, की मला वाटलं एखादं आता निखळून येईल.

मामा हिंदी कॉमिक्समधली अक्षरं लिहितात. चित्रं कोणी काढतं, गोष्ट कोणी रचतं आणि त्या चित्रांवर पांढरे फुगे आखून आत पात्रांचं बोलणं हातानं लिहायचं काम मामांचं. त्याआधी वीस वर्षं ते भनपुरीत ट्रक रंगवायचे. तिथे एक रीत असते. एका मालकाच्या सगळ्या गाड्यांना एकच बॉर्डर. गाडी धूळ उडवत येत असली, नंबर दिसत नसला, तरी लांबूनच कळलं पाहिजे कोणाची आहे ते. मामा ही रीत सोबत घेऊन आले. 'झंझावीर' मालिकेतल्या प्रत्येक पात्राच्या फुग्याला त्यांनी आपापली बॉर्डर दिली. झंझावीराची जाड, दुहेरी. त्याला लहानाचा मोठा करणाऱ्या, दर अंकात त्याच्या जखमा शिवणाऱ्या डॉक्टर सामंतांची बारीक, तीन लाटांची. आठ वर्षांत हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. अंकावर मामांचं नावसुद्धा नसतं.

मौनीला मात्र बॉर्डरच नव्हती, कारण मौनी बोलतच नव्हता. काळा मुखवटा चढवून तो अठ्ठेचाळीस अंक नुसता झंझावीराला ठोकत होता आणि मुखवट्याआड कोण, यावर वाचकांच्या मैत्र्या तुटत होत्या. एकोणपन्नासाव्या अंकात तो पहिल्यांदा मनातल्या मनात दोन शब्द बोलला: 'आज नहीं.' बस्स. पण मामांकडे एकोणपन्नास आणि पन्नास अशा दोन्ही अंकांची पानं एकदमच लिहायला आली होती. मौनी म्हणजे खुद्द डॉक्टर सामंत, हे त्यांना कळलं होतं. मग हातानं आपलं काम केलं. मालक एक, बॉर्डर एक. मौनीच्या फुग्याभोवती तीन लाटा.

अंक छापून हातात आला तेव्हा त्यांना ते दिसलं. त्या दिवशी मामींनी वाढलेलं पिठलं तसंच थंड झालं.

कारण संपादक भार्गव सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मामा, पन्नासावा अंक बाजारात येण्याआधी गुपित फुटलं, तर पुढचं लिखाण कम्प्युटरवर. प्रकाशनाचे मालक तसेही रोज तेच म्हणून राहिले. मी कुठवर अडवू?" पन्नासावा यायला तीन आठवडे होते. आणि भार्गव सर त्या रविवारी पाहुणे म्हणून आमच्या बैठकीत समोरच बसले होते.

'झंझावीर'च्या वाचकांची ही बैठक महिन्यातून एकदा भरते. वीसेक जण जमतात, समोसे खातात आणि अंकातल्या चौकटी कोर्टात पुरावे ठेवावेत तशा ठेवतात. मामा दर वेळी माझ्यासोबत येऊन मागच्या भिंतीला टेकून बसतात. सगळ्यांच्या लेखी ते फक्त 'ज्ञानदा के मामाजी'.

आधी वरद उठला. वरदच्या बोलण्यातून 'मतलब' काढून घेतला, तर त्याला खाली बसावं लागेल. "देखो, मतलब, मौनी जो है ना, वो झंझावीर का मरा हुआ भाई है. मतलब, लाश किसी ने देखी? मतलब, नहीं देखी ना!"

"तेरे भाई की थ्योरी तीन साल से चल रही है," मागून कोणीतरी म्हणालं. "भाई बेचारा बुढ्ढा हो गया."

मामासुद्धा हसले. बोटं थांबली. मग राधिका दीदी उठली.

ती शंकर नगरातल्या एका लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्या तपासते. बोलते हळू, एकेक शब्द चिमट्यानं उचलल्यासारखा. "मैं कहानी की बात नहीं करूँगी. मैं सिर्फ़ लकीर दिखाऊँगी." फोनवर तिनं दोन फुगे शेजारी शेजारी लावले होते, खूप मोठे करून. "ये डॉक्टर सामंत. ये मौनी. गिन लो."

फोन हातोहात फिरू लागला. "तीन," एक जण म्हणाला. "यहाँ भी तीन," दुसरा म्हणाला. मग फोन मामांकडे आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःच्या लाटांकडे पाहत राहिले.

"मामाजी, आगे बढ़ाइए ना," राधिका दीदी म्हणाली.

तेवढ्यात भार्गव सर मोठ्यानं हसले. "अरे बेटा, लिखनेवाले की ग़लती है! बुज़ुर्ग आदमी हैं हमारे. हाथ बहक गया होगा." आणि मामांकडे बघून त्यांनी डोळे किंचित मिटले. सुटायला दार उघडून दिलं होतं त्यांनी. मामांनी नुसतं बसून राहायचं होतं.

वरदनं लगेच थरथरत्या हातात ब्रश धरलेला म्हातारा करून दाखवला. खोली हसली. एरवी ती नक्कल मी त्याला सुधारून दिली असती, पण त्या दिवशी मी मामांकडेच बघत होते.

"ग़लती नहीं है," राधिका दीदी म्हणाली. "मैंने सारे अंक देखे. इस आदमी से एक बार भी ग़लती नहीं हुई."

"तो, मतलब, पहली बार हो गई!"

"हव, चलो वोटिंग," चिराग भैया म्हणाले. "लिखनेवाले की ग़लती माननेवाले, हाथ ऊपर."

हात वर गेले. भार्गव सरांचा गेला. माझाही गेला. मी दुसऱ्या हातानं मामांची बाही ओढली. "मामा, हात वर करा नं."

मामांचा हात मांडीवरच राहिला.

"मामाजी? आप?" चिराग भैयांनी विचारलं.

मामा भिंतीला धरून उभे राहिले. "चूक नाही ते," ते म्हणाले. मराठीतच म्हणाले, पण कळलं सगळ्यांना. "मीच लिवतो हे. वीस वर्षं गाड्या रंगवल्या, आठ वर्षं हे केलं. माह्या हातची बॉर्डर चुकली नाही कधी. पोट्टी बरोबर सांगून राहिली."

कोणी समोसासुद्धा चावेना. "मतलब..." वरद म्हणाला आणि खरंच खाली बसला.

भार्गव सर आमच्या मागोमाग जिन्यात आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "काहून, मामा? तीन आठवडे फक्त. मी वाचवून राहिलो होतो नं तुम्हाले."

"हव. दिसलं मले."

"पन्नासावा तुमचाच आहे, छापून झाला. एकावन्नपासून नाही जमणार आता. मालकाला मी काय सांगू?"

"जे झालं ते सांगा," मामा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. सर कपाळ चोळत परत वर गेले.

खाली रस्त्यावर स्कूटरींची कोंडी होती. मामींना हे कोण सांगणार, हाच विचार करत मी माझ्या स्कूटरची किल्ली शोधत होते. तेवढ्यात जिन्यावरून राधिका दीदी धडधडत उतरली. ती मौनीबद्दल विचारेल असं मला वाटलं.

"मामाजी, वो भाजीवाली बुढ़िया, चौथे अंक से जो आती है," तिला धाप लागली होती, "उसकी बॉर्डर बीच-बीच में टूटी हुई क्यों है?"

मामा तिच्याकडे बघतच राहिले. "तुले ते बी दिसलं?"

"हाँ. समझ में नहीं आया."

"दात नाही नं तिले," मामा म्हणाले. "बोलता बोलता हवा निघते."

राधिका दीदी दुकानाच्या पायरीवरच बसली आणि तिनं पिशवीतून आणखी अंक काढले. मामा तिच्याशेजारी टेकले. मागून हॉर्न वाजत होते, मी स्कूटर कडेला घेतली, आणि मामा पहिल्या अंकाच्या पहिल्या फुग्यावर बोट ठेवून सांगू लागले.