देवराईच्या कडेला घेतलेलं नाव

पासलीच्या देवराईशेजारी दर वर्षी आमची निसर्गजत्रा भरते. आमची म्हणजे भोरच्या नोकरदार मंडळींची. वर्षभर ऑफिसात खुर्ची उबवायची आणि एका रविवारी गावकऱ्यांना निसर्ग कसा जपावा ते शिकवायचं. ज्यांनी तो जपला त्यांनाच. यात मीही होते, म्हणून बोलते.

जत्रेत सगळ्यात जास्त गर्दी ठकुबाईंच्या बियाण्यांपुढं. जुन्या भाताचे सात वाण या बाईनं एकटीनं राखलेत, गाडग्यांत राख कालवून. वय साठीच्या पुढं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

त्या कुंकवामागची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे मालक, आनंदराव, चुकलेली म्हैस शोधायला देवराईत शिरले. म्हैस संध्याकाळी आपली आपण गोठ्यात आली. ते आले नाहीत. गावानं चार दिवस राई पिंजून काढली. पुढं कुणी म्हणालं, नसरापूरच्या स्टँडवर दिसले. कुणी म्हणालं, साताऱ्याच्या एसटीत. ठकुबाई त्या बोलण्यावर जगत होत्या.

मागच्या वर्षी त्यांनी मला राईचा नियम सांगितला होता. इथं कुणाला नावानं हाक मारायची नाही. चुकून मारलीच, तर आतला जिवंत माणूस ओ देत नाही, दगडावर दगड आपटतो. "ओ देतो त्यो आपल्यातला ऱ्हायलेला नसतो," त्या म्हणाल्या. मी ते कौतुकानं वहीत उतरवून घेतलं आणि यंदा त्याचा सुंदर अक्षरात फलकही रंगवला. अक्षर चांगलं असलं म्हणजे अक्कल असतेच असं नाही.

दुपारी पत्रावळींवर जेवणं झाली आणि मीच उखाण्यांची टूम काढली. अट एकच, उखाण्यात आपल्या शिवारातलं धान्य हवं. बायका रंगात आल्या. ठकुबाई मागं अंग चोरून बसल्या होत्या.

"मावशी, आता तुम्ही," मी म्हणाले.

"नगं पोरी. हितं न्हाई."

"असं कसं? सगळ्यांनी घेतलं."

बायका त्यांच्या मागंच लागल्या. ठकुबाई बराच वेळ राईकडं बघत राहिल्या. "अकरा वर्सं इचारायचंच भ्या वाटत हुतं," त्या हळूच म्हणाल्या. "घेते आता."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, उखाणा म्हणजे नाव घेणंच, आणि फलक तर मीच रंगवलेला. मी थांबा म्हणेपर्यंत त्या उठल्या, पदर सारखा केला आणि राईकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"आंबेमोहराचा भात, वर तुपाची धार,
आनंदरावांचं नाव घेते, उघड राई दार."

टाळ्या पडल्या आणि थांबल्या. पाखरंसुद्धा गप्प झाली. मी दगडाच्या आवाजासाठी कान लावला. एवढ्या मनापासून मी आजवर देवाकडं काही मागितलं नव्हतं.

राईतून ओ आली. पुरुषी, स्वच्छ, वावरात कामाला लागलेला माणूस घरच्या हाकेला देतो तशी.

बायका हसल्या. "स्वानंदचा चावटपणा," कुणीतरी म्हणालं. आमचा संयोजक स्वानंद माझ्या शेजारीच उभा होता, हातात उष्ट्या पत्रावळींची पाटी. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ठकुबाई रडल्या नाहीत. त्यांनी एकेक गाडगं झाकलं, मग जमिनीवर बसून पायांतली जोडवी ओढू लागल्या. लग्नापासून न निघालेली ती जोडवी बोटांत रुतली होती. मी धावत गेले, मला रडू आवरेना.

"मावशी, कुणीतरी चेष्टा केली असेल."

"त्यांचा आवाज म्या वळखीत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या आणि पाय माझ्यापुढं केला. "निघंना बग. वाईच साबण लाव."