राहुकाळाच्या आधी उडायचं होतं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीची डाळ निवडणं. ओसरीवर बसलो होतो. आमची ही, गोदा, म्हणाली, तुम्ही खड्यांपेक्षा डाळच जास्त फेकता, त्यापेक्षा जाऊन विमान पुसा. मी म्हणालो, विमान नाय ते, जायरोप्लेन. ती म्हणाली, मग ते पुसा. तिसऱ्या दिवशी झोपेतच गेली. तेरावं झालं आणि सोमवारी मी कामावर हजर झालो. घरात बसून भिंतींशी काय बोलायचं?

मी सातवीपर्यंत शिकलेलो. शेंद्र्याला कंपनीत फिटर होतो. रिटायर झाल्यावर पडेगावच्या पुढं, मुरमाच्या एका धावपट्टीवर लागलो. तिथं लोकांना जायरोप्लेनमध्ये बसवून वरून किल्ला दाखवतात. ग्रीस, नटबोल्ट, टायर माझ्याकडं. आणि उडताना समोर उभं राहून अंगठा दाखवायचा.

हे मशीन हेलिकॉप्टरसारखं दिसतं, पण तसं नाय. ह्याला मागचा पंखा ढकलतो. डोक्यावरची दोन लांब पाती नुसत्या वाऱ्यावर फिरतात. पण उभ्या मशीनला वारा कुठून मिळणार? म्हणून आधी इंजिनाचा जोर लावून पाती फिरवून घेतात. त्याला प्री-रोटेटर म्हणतात. फेऱ्यांचा काटा दोनशेवर गेला की मगच पळायचं. बाहेरून बघणाऱ्याला तेव्हा पाती वेगळी दिसत नाहीत, डोक्यावर ताट धरल्यासारखं दिसतं. ताट दिसलं की अंगठा वर. एवढंच माझं काम.

त्या सोमवारी नव्या मशीनची पूजा होती. शेठ स्वतः मागच्या सीटवर बसणार होते. फेट्यावर हेल्मेट बसेना, म्हणून फेटा काढला, पण नारळ मांडीवर घेतलाच. उतरल्यावर फोडायचा होता. सोमवारी साडेसातला राहुकाळ लागतो. गुरुजी आले सव्वासातला, आरती संपली तेव्हा साडेसातला दोन मिनिटं कमी. पुढं पायलट फरहान. औरंगपुऱ्यातला पोरगा, मला चाचा म्हणतो.

पाती फिरायला लागली. शेठ मागून हात हलवून ओरडायला लागले. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण मनगटावरच्या घड्याळाकडं बोट होतं. ते सगळ्यांना कळलं.

मला दोन्ही पाती वेगवेगळी दिसत होती. ताट झालं नव्हतं. तरी माझा अंगठा वर गेला.

मशीन पळालं. मंद पात्यांना पळताना समोरचा वारा लागला की एक उचलतं, एक खाली येतं. खालचं पातं शेपटाला लागलं. मोठा आवाज झाला, मशीन गर्रकन फिरून कुशीवर पडलं. मुरमाची धूळ बसली तेव्हा शेठ रांगत बाहेर येत होते. बगलेत नारळ. त्याला चीर नाय. गुरुजी म्हणाले, बघा, देवानं राखलं. फरहानच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. तो स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाला, "चाचा, काटा एकशेवीसवर होता. देखा मैंने. तरी गेलो."

संध्याकाळी शेठ घरी आले. गोदाच्या फोटोला हात जोडले आणि टाइप केलेला कागद पुढं केला. त्यात लिहिलेलं, पत्नीच्या निधनामुळं माझं लक्ष नव्हतं, इशारा चुकून गेला. मुहूर्ताचं नाव कुठं नाय.

"काका, तुमच्या दुःखापुढं कोणी बोलणार नाय," शेठ म्हणाले. "फरहानचं लायसन वाचंल, तुमची नोकरी वाचंल."

"आणि तुमचा मुहूर्त?"

"तो कशाला मधे आणता?"

चहा पाजला आणि सकाळी देतो म्हणालो. चाळीस वर्षांत त्या बाईनं मला एकदाही डबा उशिरा दिला नाय. आता मेल्यावर तिच्यामुळं मशीन पडलं म्हणायचं?

सकाळी उठलो, दाढी केली आणि वहीच्या पानावर माझ्या हातानं लिहिलं. सहा ओळी झाल्या. पट्टीवर चौकशीचे साहेब आले होते, दिल्लीकडचे, हिंदी बोलणारे. मी वाचून दाखवलं. शेठ शेजारीच उभे, नारळ अजून ऑफिसातल्या टेबलावर. साहेबांनी विचारलं, हे राहुकाळ काय असतं? मी शेठकडं बोट केलं. शेठनं दहा मिनिटं समजावलं. पंचांगाबरोबर स्वतःचं घड्याळही दाखवलं, त्यामुळं मला जास्त बोलावं लागलं नाय.

मग साहेब मला म्हणाले, बायको नुकतीच गेली ना तुमची? ध्यान नव्हतं का?

"ध्यान होतं, साहेब. शेठला भ्यालो. तेवढं लिहा."

त्यांनी लिहिलं. मी सही केली. फरहाननंही दवाखान्यातून स्वतःची चूक लिहून पाठवली होती, त्याचं उडणं तपास होईपर्यंत बंद. शेठनं तिथंच माझ्याकडून अंगठ्याचं काम काढून घेतलं, ग्रीस तेवढं ठेवलं. बरोबर केलं. मालकाला भिणाऱ्या माणसाला पट्टीवर समोर उभं करू नये. मी रिकामा डबा घेतला आणि मोडलेल्या मशीनचे नट वेचायला मुरमात उतरलो.